सुतावरची नाडी

आमच्या लहानपणी शहापुरात एक वैद्यबुवा होते. रोग्याचे मनगट हाती घेतले की ते डोळे मिटत आणि बराच वेळ काही बोलत नसत. औषधाच्या पुडीबरोबर मुलांना एखादी गोष्ट मात्र हमखास मिळे. त्यांतली एक अजून आठवते. राजवाड्यात राणी आजारी पडली, पण राणीचा गोषा. मग तिच्या मनगटाला सूत बांधायचे, ते पडद्याबाहेर आणायचे आणि दुसरे टोक वैद्याने बोटात धरून नाडी ओळखायची. दरबारातल्या एका खोडसाळ माणसाने ते सूत राणीऐवजी मांजरीच्या पायाला बांधले. वैद्याने क्षणभर टोक धरले आणि म्हणाला, “राणीसाहेबांना औषध नको, उंदीर द्या.”

गोष्ट अर्थातच आख्यायिका. देशोदेशींच्या हकीम-वैद्यांच्या नावावर ती थोड्याफार फरकाने सांगितली जाते. पण दोन वर्षांपूर्वी आमचे आतेभाऊ अण्णा यांच्या छातीत पेसमेकर बसला, त्यांच्या उशाशी एक पांढरी पेटी येऊन बसली, आणि ती गोष्ट मला नव्याने आठवली. अण्णा झोपले की छातीतले यंत्र त्या पेटीशी मुक्याने बोलते, पेटी मोबाइलच्या जाळ्यातून तो निरोप कुठल्या तरी दूरच्या संगणकाला कळवते आणि इस्पितळातला डॉक्टर आपल्या टेबलावरच्या पडद्यावर तो वाचतो. मी अण्णांना विचारले, “आता तुमची नाडी कुणाच्या हातात?” ते म्हणाले, “काय की रे बाबा. सुताचं एक टोक माझ्याकडं हाय, दुसरं कोण धरून बसलंय त्याला विचार.”

त्या दुसऱ्या टोकाचा शोध घेता घेता मागे जावे लागले ते थेट हॉलंडमधल्या लायडन गावी. आणि गंमत अशी, की तिथेही सूतच हाती आले.

* * *

विलेम आइन्टहोवेन यांचा जन्म १८६० चा, जावा बेटावरील सेमारांग गावचा. वडील तिथे डॉक्टर होते. ते अकाली वारल्यावर आई मुलांना घेऊन मायदेशी परतली. पुढे आइन्टहोवेन लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात विजेची अतिशय क्षीण लहर उमटते हे तोवर माहीत झाले होते, पण ती नेमकी टिपील असे यंत्र नव्हते. आइन्टहोवेन यांनी ते बांधले. प्रबळ विद्युत्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक धागा ताणलेला. हा धागा इतका बारीक, की क्वार्ट्झ वितळवून, तो बाणाला चिकटवून बाण सोडायचा आणि मागे जो तंतू ओढला जाईल तो वापरायचा, अशी त्याची कृती. हृदयाची वीज त्यातून गेली की धागा थरथरे आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्र-काचेवर उमटे. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो त्या आलेखातल्या पी, क्यू, आर, एस, टी या लाटांची नावे त्यांचीच. १९२४ साली याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्राचे वजन सुमारे २७० किलो. चालवायला पाच माणसे लागत आणि चुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावे लागे. रोग्याने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. असे धूड इस्पितळात नेणे अशक्य आणि अंथरुणाला खिळलेला रोगी प्रयोगशाळेत आणणे त्याहून अशक्य. दोहोंमध्ये अंतर दीड किलोमीटर. तेव्हा योहानेस बॉस्खा या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवले, की गावात टेलिफोनच्या तारा आहेतच, त्यांतूनच हृदयाची वीज आणावी. २२ मार्च १९०५ रोजी इस्पितळात बसलेल्या एका निरोगी माणसाच्या हृदयाचा आलेख दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत उमटला. आलेखातल्या लाटा जरा जास्तच उंच आल्या. त्याचे कारण, सांगतात, तो गृहस्थ प्रयोगशाळेतून इस्पितळापर्यंत सायकल मारीत गेला होता! पुढच्या वर्षी आइन्टहोवेन यांनी या पद्धतीवर निबंध लिहिला आणि तिला ‘टेलिकार्डिओग्राम’ असे नाव दिले.

म्हणजे यंत्र एका ठिकाणी, देह दुसऱ्या ठिकाणी आणि मध्ये तार, ही कल्पना इंटरनेटची नव्हे. ईसीजी यंत्र जन्मल्यावर थोड्याच वर्षांत ती आली. ती चैन म्हणून आली नाही. रोग्याला हलवता येत नव्हते, म्हणून आली.

* * *

तारेने अंतर तुटले, पण रोगी तारेला बांधला गेला. हृदयाची खरी परीक्षा होते ती माणूस जिना चढताना, भांडताना, कामावर असताना. ती गाठ सोडवली अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या नॉर्मन हॉल्टर यांनी. १९४७ च्या सुमारास त्यांनी रेडिओने ईसीजी पाठवणारे यंत्र पाठीवर बांधता येईल असे बनवले. वजन सुमारे ३८ किलो. ते पाठीवर घेऊन सायकल चालवायची! पुढे ट्रान्झिस्टर आले, ओझे उतरले, आणि आज चोवीस तास गळ्यात अडकवायच्या छोट्या डबीला डॉक्टर ‘हॉल्टर’ म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.

या विद्येला खरा जोर आला तो अंतराळाच्या स्पर्धेमुळे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने लायका नावाची कुत्री अवकाशात धाडली. तिच्या नाडीचे आणि श्वासाचे आकडे रेडिओने पृथ्वीवर येत होते. उड्डाणाच्या वेळी तिची नाडी तिपटीने वाढली होती, आणि काही तासांतच आकडे येणे थांबले. यान तापल्यामुळे लायका त्याच दिवशी गेली होती. सूत धरून बसलेल्यांना ते तेव्हाच कळले. जगाला ते खरेपणाने सांगितले गेले २००२ साली.

ती मुकी होती, असे म्हणून सोडून द्यावे, तर १९७१ चे अपोलो-१५ आठवते. चंद्रावर तासन् तास राबून परतताना जेम्स अर्विन यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले. ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांना ते पडद्यावर दिसत होते. त्यांनी आपापसांत चर्चा केली, पण त्या वेळी अर्विन यांना काही सांगितले नाही. घाबरवून उपयोग नाही, यानात ते विश्रांती घेत आहेतच आणि प्राणवायूही भरपूर आहे, हा विचार. वैद्यकीयदृष्ट्या तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण हृदय ज्याचे, त्याच्याखेरीज सगळ्यांना ते ठाऊक होते. अर्विन १९९१ साली हृदयविकारानेच वारले.

लायडनच्या तारेत एक प्रश्न दडलेला होता तो इथे उघडा पडला. दूरवरून नाडी पाहता येते, हे खरे. पण पाहिलेले कुणी कुणाला सांगायचे?

* * *

आता यंत्र देहाच्या आत गेले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग या शल्यविशारदाने आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रोग्याच्या देहात पहिला पूर्णपणे आत बसणारा पेसमेकर ठेवला. तो बनवला होता रूने एल्मक्विस्ट या इंजिनियरने, आणि त्यावरच्या राळेच्या आवरणाचा साचा म्हणून बुटांच्या पॉलिशची डबी वापरली होती. दिवसातून वीस-तीसदा शुद्ध हरपणाऱ्या नवऱ्यासाठी एल्स-मारी लार्सन यांनी या दोघांचा पिच्छा पुरवला नसता, तर हे इतक्या लवकर घडले नसते. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण लार्सन जगले. एकूण २६ पेसमेकर वापरून २००१ साली ८६ व्या वर्षी ते वारले. शल्यविशारद आणि इंजिनियर दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

आत गेलेल्या यंत्राची चिंता एकच असे. त्याची बॅटरी कधी संपेल? छाती उघडून पाहता येत नाही. मग सत्तरीच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत टेलिफोनचाच आधार घेतला गेला. बॅटरी उतरू लागली की पेसमेकरच्या ठोक्यांचा वेग ठरावीक प्रमाणात घटतो. रोग्याने ठरल्या दिवशी घरून फोन लावायचा, ठोक्यांचे आवाजात रूपांतर करणारी डबी रिसीव्हरला लावायची, आणि दवाखान्यातल्या माणसाने ठोके मोजायचे. आइन्टहोवेनचीच युक्ती, फक्त आता तारेच्या एका टोकाला रोग्याचे घर होते.

आपल्याकडे त्या काळी बेळगावहून मुंबईला ट्रंक कॉल लावायचा तर सकाळी नाव नोंदवून दुपारपर्यंत बसावे लागे. तारेतून नाडी पाठवण्याची गोष्ट कुणी सांगितली असती तर आम्ही तिला वैद्यबुवांच्या मांजरीच्या शेजारी बसवले असते.

पुढचे पाऊल पडले ते २००१ साली. बर्लिनच्या बायोट्रॉनिक कंपनीने असा पेसमेकर आणला, की रोग्याने काहीच करायला नको. यंत्र स्वतःहून रोज आपला अहवाल उशाच्या पेटीला देई आणि ती मोबाइलच्या जाळ्यातून पुढे धाडी. पाठोपाठ २००२ साली अमेरिकेच्या मेडट्रॉनिकने केअरलिंक नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्यात डॉक्टरला इंटरनेटवरच्या एका पानावर आपले सर्व रोगी यादीने दिसू लागले. अण्णांच्या उशाशी असलेली पेटी या घराण्यातली.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. पेसमेकरच्या बाबतीत ही पेटी प्रामुख्याने पाहते. ठोक्याचा वेग वाढवणे-कमी करणे यासाठी रोग्याला बहुधा दवाखान्यातच जावे लागते. घरबसल्या तेही करता आले असते, पण जाणूनबुजून तो दरवाजा बंद ठेवलेला आहे. पाहणे वेगळे आणि हात घालणे वेगळे. या क्षेत्रातला पुढचा सारा वाद या उंबरठ्यावरच झाला.

* * *

उंबरठ्याला कडी आहे का, हे २००८ साली अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी तपासले. हृदयाला झटका देऊन जिवावरचे संकट टाळणारे जे यंत्र छातीत बसवतात, त्याच्याशी त्यांनी जवळून रेडिओने संधान बांधले. माहिती वाचता आली, इतकेच नव्हे तर यंत्राची मांडणीही बदलता आली. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी २००७ सालीच त्यांच्या यंत्रातली ही बिनतारी सोय बंद करून ठेवली होती. ते जगाला कळले २०१३ साली. २०११ मध्ये जे रॅडक्लिफ या मधुमेही तंत्रज्ञाने स्वतःच्याच इन्सुलिन पंपाला दुरून फसवता येते हे लास व्हेगासच्या परिषदेत दाखवले. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या आतली आज्ञावली बदलण्याचा निर्णय झाला. काम होते जेमतेम तीन मिनिटांचे, पण त्यासाठी रोग्यांना दवाखान्यात यावे लागणार होते. कुणा रोग्याला अशा हल्ल्याने इजा झाल्याचे तेव्हा आढळले नव्हते. कडी ढिली होती, चोर आला नव्हता.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मात्र दुसऱ्या वाटेने चोर आला. ‘वॉनाक्राय’ नावाच्या संगणकी रोगाने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० संस्थांचे काम विस्कळित केले. छातीतली यंत्रे सुखरूप होती. बंद पडले ते दुसऱ्या टोकाचे संगणक.

पण या इतिहासाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला अधिक जवळची वाटते. २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या सॉफ्टवेअर इंजिनियरच्या चार वर्षांच्या मुलाला मधुमेह होता. मुलाच्या अंगावर दर पाच मिनिटांनी साखर मोजणारे यंत्र होते, पण आकडा दिसे तो त्याच्या खिशातल्या डबीवर. मूल शाळेत, बाप कामावर. कॉस्टिकने ती डबी वायरीने एका मोबाइलला जोडली आणि आकडे इंटरनेटवर चढवले. आता ते त्याला कामाच्या जागी दिसू लागले. इतर आईबापांनी ते मागितले, काहींनी त्यात भर घातली आणि त्यातून ‘नाइटस्काउट’ नावाची, कुणाच्याही मालकीची नसलेली व्यवस्था उभी राहिली. ‘आम्ही थांबणार नाही’ हे त्या मंडळींचे घोषवाक्य. कंपनी करील, सरकार परवानगी देईल, तोवर मुलाची रात्र कोण काढणार? पुढे डेना लुइस या मधुमेही स्त्रीने आणि तिच्या साथीदारांनी साखरेचा आकडा पाहून पंपातले इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारी योजना २०१५ साली सर्वांसाठी खुली केली. म्हणजे पाहण्याचा उंबरठा ओलांडून हात घालण्यापर्यंत आधी गेले ते रोगी आणि त्यांची घरची माणसे. आणि गंमत पाहा, जुन्या पंपांतली जी ढिली कडी तज्ज्ञांना धोक्याची वाटली, तिच्यातूनच हे लोक आत शिरले होते!

ह्यूगो काम्पोस यांची कथा याच्या उलट. त्यांच्या छातीत झटका देणारे यंत्र. त्याची माहिती रोज कंपनीकडे जाई, डॉक्टरकडे जाई, पण ज्याच्या हृदयाची ती माहिती त्याला मिळत नसे. त्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली. २०१५ साली अमेरिकेत, स्वतःच्या यंत्रातली माहिती स्वतः मिळवणे हा लेखाधिकार कायद्याचा भंग नव्हे, एवढे मान्य झाले. अपोलोतल्या अर्विनना न सांगितलेली गोष्ट विचारण्याचा हक्क मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

* * *

आपल्या देशात ही वाट उपग्रहाने आली. मार्च २००० मध्ये आंध्रातील चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा या खेड्यातला दवाखाना अपोलो इस्पितळाशी जोडला गेला. त्याचे उद्घाटन अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते झाले. पुढे इस्रोच्या उपग्रहांवरून कर्नाटकातील चामराजनगरचे जिल्हा इस्पितळ बंगळूरच्या हृदयालयाशी जोडले गेले, आणि तिथला ईसीजी दूरवरचे तज्ज्ञ वाचू लागले. २५ मार्च २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, दूरवैद्यकाचे नियम केंद्राने जाहीर केले, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. तेव्हा कागदावर आपण फार मागे नाही.

पण कागदावर. आता अण्णांकडे परत येतो.

त्यांच्या पेटीवरचा हिरवा दिवा एके दिवशी नारिंगी झाला. सूनबाईंनी मिक्सरसाठी खटका काढला होता आणि परत लावताना तो नीट बसला नव्हता. हे आमच्या ध्यानात आले एकोणीस दिवसांनी. त्या एकोणीस दिवसांत कुणाचाही फोन आला नाही. चौकशी केली तेव्हा इस्पितळातल्या पडद्यावर अण्णांच्या नावापुढे ‘संपर्क नाही’ असे रोज उमटत होते, पण तो पडदा रोज पाहायचा कुणी, हे ठरलेलेच नव्हते. इस्पितळाचे नाव घेत नाही. कुठेही होऊ शकले असते.

ही एकट्या बेळगावची गोष्ट नाही, हे पुढे वाचनात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन-टाइम’ या चाचणीत ६६४ हृदयरोगी होते. निम्म्यांच्या यंत्रांवर रोजच्या रोज दुरून लक्ष ठेवले, आणि इस्पितळांनी कानाडोळा करू नये म्हणून एक मध्यवर्ती पथकही जागे ठेवले. वर्षभरात त्या गटातले १० जण दगावले, उरलेल्या गटातले २७. तीन वर्षांनी इंग्लंडमधल्या १६५० रोग्यांवरची अशीच मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे माहिती आठवड्यातून एकदा पाहिली जाई, आणि मृत्यूंमध्ये काही फरक आढळला नाही. दोन्ही चाचण्यांत इतर फरकही होते. परंतु छातीतली यंत्रे त्याच जातीची असून फळ वेगळे आले, यातून मला एवढे समजते, की सूत कितीही बारीक आणि मजबूत असो, त्याचे दुसरे टोक रोज कुणीतरी बोटात धरावे लागते.

दुसरी गोष्ट भाषेची. अण्णांनी ज्या कागदावर सही केली तो इंग्रजीत. पेटीबरोबरचे पुस्तक इंग्रजीत. नारिंगी दिव्याचा अर्थ त्यात सातव्या पानावर लिहिलेला होता, पण घरात तो कुणाला कळणार? अण्णा मराठी सातवी. दुकानदारीत जन्म गेल्यामुळे कानडी उत्तम बोलतात, अडखळत वाचतातही. ते मला म्हणाले, “मराठीत नसू दे रे, कानडीत तरी द्यायचं होतं. काय तरी लागलं असतं हाताला.” पाट्यांवरून, शाळांवरून या गावात किती पाणी वाहून गेले ते वाचकांना सांगायला नको. पण जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे आपल्या दोन्ही भाषा एकाच बाजूला उभ्या आहेत, आणि दोघीही उंबऱ्याबाहेर आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पेटी येईल, त्यांनी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी आपल्या भाषेत विचारून घ्याव्यात. पडद्यावर रोज कोण पाहणार? बिघाड दिसला तर आम्हाला कोण आणि किती वेळात कळवणार? आणि जे दिसेल त्याची प्रत आम्हाला मिळणार का? यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. आइन्टहोवेनच्या काळीही तारेच्या दोन्ही टोकांना माणसेच होती.

अण्णांच्या पेटीचा खटका आता कपाटामागे आहे, मिक्सरपासून दूर. दिव्यांच्या रंगांचा अर्थ पुतण्याने एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि कानडीत लिहून पेटीवर चिकटवला आहे. अण्णा रात्री देवाला नमस्कार करतात, मग चष्मा लावून हिरवा दिवा पाहतात आणि आडवे होतात. परवा मला म्हणाले, “त्या गोष्टीतल्या वैद्याला निदान मांजर तरी ओळखता आलं. आमचा खटका काढला, तर एकोणीस दिवस कुणाला पत्ता नाही.”

आणि स्वतःच हसले.